उजेड स्वस्त, ऊब महाग

प्रश्न : मला दोन मुलं आहेत. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. घरात दिवसभर माझं एकच पालुपद चालू असतं : पंखा बंद कर, दिवा बंद कर, गीझर किती वेळ चालू ठेवलास. मुलं ‘हो’ म्हणतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. ऊर्जेची बचत हा धडा मुलीने शाळेत वाचलाय, परीक्षेत त्याचं उत्तरही लिहिलंय. घरात त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून सुट्टीत दोन रात्री त्यांना तंबूत राहायला न्यायचं माझ्या मनात आहे, विजेशिवाय. नवरा म्हणतो, ही नुसती सहल होईल, घरी आल्यावर सगळं जैसे थे. शिवाय धाकट्याला अंधाराची भीती वाटते. मोबाईल घरीच ठेवायला लावावेत का? आणि तिथे जे शिकतील ते टिकेल का? – एक आई

उत्तर : ताई, नक्की जा. फक्त विजेशिवाय जाऊ नका. थोडी, मोजकी, संपणारी वीज बरोबर घ्या. माझं सगळं म्हणणं या एवढ्या फरकावर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही पहिल्यांदा मुलांना घेऊन तंबूत राहायला गेलो, तेव्हा मीही तुमच्यासारखंच ठरवलं होतं. काहीही न्यायचं नाही. दोन विजेऱ्या, त्याही माझ्या ताब्यात. रात्री शेकोटीजवळ मी त्यांना बरंच काही ऐकवलं : कोळसा कसा संपतो, धरणं कशी बांधावी लागतात, आपण किती निष्काळजी आहोत. मुलांनी दोन रात्री निमूटपणे काढल्या. घरी आलो, दार उघडलं आणि मुलगा धावत सगळ्या खोल्यांतून फिरला. एकेक बटण दाबत, आनंदाने. घर लख्ख उजळलं. मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला होता. खूप उशिरा लक्षात आलं की दोन दिवस मी त्याला फक्त उपाशी ठेवलं होतं. उपाशी माणूस पानावर बसला की पोटभर खातो. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या वेळी मी एक पॉवर बँक मुलांच्या हातात दिली आणि सांगितलं, ‘दोन रात्री, चार माणसं, एवढीच वीज. कशाला किती वापरायची ते तुम्ही ठरवा. मी एक शब्द बोलणार नाही.’ ती १०,००० एमएएचची होती. तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत ३७ वॉट-तास असं छापलेलं असतं. एक वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक वॉट-तास खर्च होतो. मुलांना ते वाचायला लावा. त्यातलीही सगळी वीज हाती लागत नाही, काही भाग वाटेत उष्णता होऊन जातो. पहिल्या संध्याकाळी मुलांनी ऐटीत कंदील पूर्ण प्रखरतेवर लावला, फोनवर गाणी ऐकली, तो फोन पुन्हा चार्जिंगला लावला. झोपताना मुलीने पॉवर बँकेचं बटण दाबलं. चारपैकी एकच ठिपका उजळला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा एकच. ती काही बोलली नाही, पण कंदिलाची वायर काढून तिने नीट गुंडाळून ठेवली. वायर गुंडाळणाऱ्या त्या नऊ वर्षांच्या हातांकडे बघताना मला जाणवलं की माझं सगळं भाषण एका ठिपक्याने केलं होतं.

दुसऱ्या रात्री दोघा भावंडांचं चांगलंच वाजलं. तंबूत उजेड हवा की बाहेर? शेवटी त्यांनी कंदील अगदी मंद केला, पाण्याने भरलेल्या मोठ्या पारदर्शक बाटलीमागे ठेवला आणि बाटली सगळ्यांच्या मधोमध आणली. उजेड पसरला. तो प्रयोग त्यांना कुठे दिसला होता, देव जाणे. मी मात्र ठरल्याप्रमाणे गप्प राहिले आणि ते सोपं नव्हतं.

घरातल्या विजेला काठ नसतो. बटण दाबलं की येते, कितीही दाबलं तरी येते. ज्याला शेवट दिसत नाही त्याची किंमत मुलाने कशी करावी? बाहेर सगळ्याला शेवट असतो. सरपणाची मोळी डोळ्यांसमोर लहान होत जाते, विजेरीचा उजेड पिवळट पडतो, पाण्याचा डबा हलका होतो. म्हणून साठा मुलांच्या हातात द्यायचा आणि निर्णयही त्यांनाच घेऊ द्यायचा. पहिल्याच रात्री सगळं उधळलं तर उधळू दे. फक्त एक पथ्य पाळा : तुमच्या खिशात एक विजेरी आणि एक चार्ज केलेला फोन अडीअडचणीसाठी वेगळा असू दे, आणि तो हिशेबाबाहेर आहे हे मुलांना आधीच सांगून टाका. लपवून ठेवलात आणि नंतर उघडकीला आलं, तर दोन दिवसांचा सगळा खेळ त्यांना खोटा वाटेल.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. पंखा, दिवा आणि गीझर ही तिन्ही नावं तुम्ही एका दमात घेतलीत. मुलांनाही ती एका दमात ऐकू येतात, एकाच वजनाची. प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एलईडीचा ९ वॉटचा दिवा रात्रभर, म्हणजे आठ तास, चुकून राहिला तर ७२ वॉट-तास जातात. १५ लिटरची एक बालदी पाणी नुसतं २० अंशांनी गरम करायला साधारण ३५० वॉट-तास लागतात. म्हणजे तो दिवा जवळजवळ पाच रात्री चालू विसरला तरी आंघोळीची एक बालदी भरत नाही. साधा ७० वॉटचा पंखा त्या एका बालदीच्या विजेत पाच तास फिरतो.

दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण दिव्यावरून ओरडतो. गरम पाणी भिंतीआडून येतं आणि मोरीतून निघून जातं, ते दिसत नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं जिन्यातल्या दिव्यावरून घर डोक्यावर घेत होते आणि गीझरचा लाल ठिपका तासभर तसाच असायचा. दिवे बंद करूच नयेत असं मी म्हणत नाही. पण उजेड स्वस्त आणि ऊब महाग, हे प्रमाण एकदा अंगात भिनलं की मूल आपोआप योग्य ठिकाणी हात आखडतं. हे प्रमाण वहीतून येत नाही. ते यायला चूल पेटवावी लागते.

म्हणून माझी शिफारस अशी : दोन दिवसांत बाकी काही जमलं नाही तरी चालेल, एक लिटर पाणी उकळण्याचं काम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मुलांकडून करून घ्या. जिथे उघड्यावर जाळ करायला परवानगी आहे अशाच जागी, मोकळ्या मातीवर, दगडांच्या आडोशाला. सरपण म्हणून खाली पडलेल्या वाळक्या काटक्याच वेचायच्या, झाडाची फांदी तोडायची नाही. जिथे वेचायलाही मनाई असेल तिथे मोळी बरोबर न्या. मोजून न्यायची असल्याने ते एका अर्थी बरंच.

आधी वेचायला लावा. अर्धा तास वाकून वेचलेल्या काटक्यांचा ढीग मुलांना प्रचंड वाटतो. मग त्यांना कळतं की त्यातल्या निम्म्या ओल्या आहेत. ओल्या काटकीकडे कान द्या म्हणावं : जाळात गेल्यावर ती चुरचुरते, तिच्या टोकाला फेस येतो, धूर डोळ्यांत जातो. काटकीतलं पाणी आधी उकळून बाहेर पडतं आणि मगच ती जळते. जी उष्णता भांड्याला मिळायची ती काटकी स्वतःलाच वाळवण्यात घालवते. हे वाक्य तुम्ही उच्चारायची गरज नाही. तो फेस दाखवा, पुरे.

मग जाळ. काडेपेटीच्या किती काड्या लागल्या ते धाकट्याला मोजू द्या. अंगठ्याएवढी काटकी काडीने पेटत नाही, त्याआधी गवताएवढी, मग पेन्सिलीएवढी अशी उतरंड लावावी लागते, हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या अपयशात कळेल. भांडं ठेवल्यावर मुलांना वाटतं, आता झालंच. इथून खरी कसोटी सुरू होते. जाळ मोठा, ज्वाळा भांड्याच्या बाजूंनी वर निघालेल्या, वारा सगळं एका अंगाला ढकलतोय आणि पाणी ढिम्म. आमच्या मुलीने त्या दिवशी भांड्यात किती वेळा डोकावून पाहिलं त्याला गणती नाही. तळाला मोहरीएवढे बुडबुडे धरले, तेव्हा ‘आलं, आलं’ म्हणून ओरडली. ते तळाशीच चिकटून बसले. पुन्हा काटक्या. आणखी काटक्या. ढीग संपत आला तेव्हा कुठे आधणाचा आवाज बदलला.

त्यानंतर दुसरं भांडं, तेवढंच पाणी, पण या वेळी झाकण घालून, वाऱ्याच्या बाजूला दगडांची भिंत रचून आणि काटक्या मोजून एकेक सरकवत. दोन्ही वेळच्या काटक्या मोजा, जमल्यास घरून छोटा ताणकाटा नेऊन वजन करा. फरक तुमच्या मुलांनाच सांगू दे. आणि पाणी खळखळायला लागलं की काटक्या मागे ओढायला शिकवा. उकळलेलं पाणी कितीही जाळ घातला तरी त्याहून गरम होत नाही. पुढचा सगळा जाळ वाफेवर खर्च होतो. साध्या पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढंच उकळतं पाणी पूर्ण आटवायला तिच्या साडेसहा पटींहून जास्त लागते. घरी गॅसवर पातेलं खदखदत ठेवून दुसऱ्या कामाला जाणारे आपण सगळेच हे विसरतो.

इथे मुलीसाठी एक आकडा राखून ठेवा, तिच्या वयाला तो नेमका लागू पडेल. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण १५ मेगाज्यूल, म्हणजे १५,००० किलोज्यूल ऊर्जा असते (ज्यूल हे ऊर्जा मोजायचं माप). एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला लागतात सुमारे ३३५ किलोज्यूल. भागाकार केला तर उत्तर येतं २२ ग्रॅम. म्हणजे मूठभर चिपाड! आणि तुमचा ढीग तर भलामोठा होता. उरलेलं गेलं कुठे? हा प्रश्न तिला पडू द्या आणि लगेच उत्तर देऊ नका. रात्री शेकोटीभोवती बसल्यावर चेहरा भाजतो, पाठ गारठते, वर बघितलं तर ठिणग्या उडताना दिसतात; उत्तर तिथे आहे. उघड्या चुलीतली बहुतेक उष्णता अशी आभाळात जाते. भांड्याच्या वाट्याला थोडीच येते.

टेकडीचा प्रयोग मला याहूनही आवडतो, कारण त्याला काहीच लागत नाही. तंबूजवळ एखादी चढण असेल, समजा २०० मीटर उंचीची. मुलीचं वजन धरू ३५ किलो. ती पायथ्यापासून माथ्यावर पोचली, तेव्हा तिने स्वतःला वर उचलायला केलेलं काम साधारण ६८,६०० ज्यूल. ती धापा टाकत बसली असेल, गाल लाल झाले असतील. तेव्हा तिला विचारा, ‘तू आत्ता केलेल्या कामाने एक लिटर पाणी किती तापेल?’ मुलं म्हणतात, उकळेल. खरं उत्तर आहे, सोळा अंश. कोमट सोडा, गार पाण्याचा गारवा जरा मोडेल इतकंच. विजेच्या बिलावरचं एक युनिट (१,००० वॉट-तास किंवा ३६ लाख ज्यूल) म्हणजे तिने ती टेकडी ५२ वेळा चढणं. आंघोळीची ती मघाची एक बालदी म्हणजे १८ वेळा. शरीराने प्रत्यक्षात जाळलेली ऊर्जा याच्या चार-पाच पट असते, कारण स्नायूंतही बरीचशी उष्णताच होते. म्हणूनच तिला घाम आला. पण उंचीचा हिशेब एवढाच.

मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मला तो चुकलाय असंच वाटलं होतं. तीनदा करून पाहिला. जेम्स ज्यूल या इंग्रज माणसाने १८४० च्या दशकात हेच तर मोजलं : वजन खाली सोडायचं, त्याने पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते अतिशय बारीक तापमापकाने बघायचं. त्याच्याच नावाने आपण ऊर्जा मोजतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी सुमारे ४२७ मीटर उंच चढवता येईल. एक अंश! मुलीला पाण्याची भरलेली बाटली टेकडीवर न्यायला लावा, मग हे वाक्य तिला सांगा. बाटलीचा बंद खांद्यात रुतलेला असताना ऐकलेला आकडा वेगळाच लागतो.

सौर पॅनेलचं घडीचं छोटं यंत्र मिळालं तर न्या, नाही मिळालं तर अडत नाही. त्यात शिकण्यासारखं एवढंच की ते सूर्याकडे वळवत राहावं लागतं आणि कोपऱ्यावर पानाची सावली पडली तरी वीज एकदम घसरते. धाकट्याला ‘सूर्याचा राखणदार’ करा. त्या वयाच्या मुलाला पद मिळालं की तो दिवसभर इमानदारीने राखण करतो. पॉवर बँक मात्र उन्हात तापू देऊ नका, सावलीत ठेवा.

रात्रीच्या थंडीतही एक धडा दडलाय. झोपण्याच्या पिशवीत शिरल्यावर मुलं म्हणतात, ही गरम का नाही? पिशवी ऊब देत नाही, ऊब आपली असते, पिशवी ती फक्त धरून ठेवते. स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून पूर्वीच्या ७०-८० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडत असते. अंगाखाली दबलेल्या पिशवीत हवा उरत नाही, म्हणून गारवा जमिनीतून चढतो; खाली जाड चटई घातली की तो थांबतो. एका रात्री चटईवर, एका रात्री तिच्याशिवाय असं काही करू नका, मुलं आजारी पडतील. नुसता हात चटईखाली घालून बघायला सांगा.

आता धाकट्याची भीती. ताई, यावर मी जरा ठाम आहे. त्याच्या उजेडाला बचतीच्या हिशेबात ओढू नका. सात वर्षांचं मूल अंधाराला घाबरतं, यात वावगं काही नाही. ‘विजेरी बंद कर, वीज संपेल’ हे भेदरलेल्या मुलाला कधीही म्हणायचं नाही. असं म्हटलं तर वीज वाचवणं आणि एकटं पडणं या दोन गोष्टी त्याच्या मनात कायमच्या जोडल्या जातील. त्याला त्याची स्वतःची छोटी विजेरी द्या, उशाशी ठेवू द्या, हवी तेव्हा लावू द्या. तुम्ही जवळ झोपा. आणि निघण्याच्या आधी आठवडाभर घरीच गच्चीत किंवा गॅलरीत दिवे मालवून रोज वीसेक मिनिटं त्याच्याबरोबर बसा. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात, पूर्ण सरावायला त्याहून जास्त. काळ्याकुट्ट वाटणाऱ्या अंधारात हळूहळू कठडा दिसायला लागतो, मग आपलेच हात. ‘बघ, आता दिसतंय’ असं तो स्वतः म्हणेल. तो दिवस आला की समजा, तो तंबूत राहायला तयार आहे. नाही आला तर सहल पुढे ढकला, काही बिघडत नाही.

मोबाईल घरी ठेवायला लावू नका. न्या, पण त्याच पॉवर बँकेतून चार्ज करायचे. साधारण फोनची बॅटरी १५ वॉट-तासांच्या आसपास असते. म्हणजे दोन फोन एकेकदा भरले की पॉवर बँक आटपली आणि कंदिलाला काही उरलं नाही. तुम्ही बंदी घातलीत तर भांडण तुमच्याशी होईल. साठा मोजका असेल तर भांडण फोन आणि उजेडात होईल, आणि ते त्यांचं त्यांनाच सोडवायचंय. तुमचे आणि नवऱ्याचे फोनही त्याच हिशेबात. खिशातला तो वेगळा फोन अडचण आल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. मुलं झोपल्यावर गुपचूप बघत बसलात तर सकाळी त्यांना कळतंच.

आगीच्या बाबतीत काही गोष्टी वादातीत आहेत. तंबूच्या आत चूल, स्टोव्ह, निखाऱ्याची शेगडी, काहीही पेटवायचं नाही, कितीही थंडी किंवा पाऊस असो. कापड पेट घेतं हे तर आहेच. शिवाय कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपेत तो जीव घेतो. जाळाजवळ पाण्याची भरलेली बालदी, मुलांच्या अंगात सुती कपडे, केस बांधलेले. झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि राखेवर हात धरून ती गार लागेपर्यंत तिथून हलायचं नाही. हे काम मुलांसमोर करा, घाई न करता.

आणि जागा जवळची निवडा. लांबच्या डोंगरात जायचा मोह होईल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ-साडेनऊ युनिट ऊर्जा असते. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरचा प्रवास केलात आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर २० लिटर, म्हणजे १८० युनिटांच्या वर ऊर्जा तुम्ही रस्त्यावर खर्च केली. त्यानंतर ३७ वॉट-तासांची पॉवर बँक काटकसरीने वापरायला शिकवायची? मुलीने हा हिशेब मांडला तर तुमच्याकडे उत्तर नसेल. बसने जाता येईल अशी जागा शोधा. ती फार निसर्गरम्य नसली तरी चालेल, मुलांना टेकडी आणि काटक्या पुरतात.

तुमच्या नवऱ्याची शंका मला रास्त वाटते, त्यांना तसं सांगा. घरी आल्यावर काहीच केलं नाही तर सहल ही सहलच राहील. टिकायचं असेल तर साठ्याचा तो काठ घरातही दिसायला हवा, आणि घरात तो एकाच जागी दिसतो : मीटरवर. जाण्याच्या आठवडाभर आधीपासून मुलीला रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा वहीत लिहायला सांगा. काही समजावू नका, नुसता आकडा. तंबूतून आल्यावर तेच चालू ठेवा. मग कधीतरी ती स्वतःहून भाषांतर करेल, ‘काल आपण नऊ युनिट वापरली, म्हणजे मी टेकडी किती वेळा?’ तिथून पुढे तिला एक खातं द्या : गरम पाण्याचं. गीझर कधी लावायचा, कधी बंद करायचा, पाणी किती गरम हवं, हे घरासाठी तिने ठरवायचं. मोठ्यांनी तिच्या वेळा पाळायच्या. हे मोठ्यांना जड जातं, आमच्याकडेही गेलं. पण मुलाला निर्णय द्यायचा आणि मग तो स्वतःच मोडायचा, याहून वाईट काही नाही.

बक्षीस, पैसे, गुण यातलं काही लावू नका. आणि ‘आठवतंय ना, तंबूत कसं होतं?’ हे वाक्य निदान महिनाभर तोंडातून बाहेर काढू नका. मला माहीत आहे, दहादा जिभेवर येईल.

दिव्यांचं काय? ते विसरतील. काही वर्षं विसरत राहतील. जाता-येता तुम्ही बंद करा, न बोलता. वर लिहिलेले आकडे आठवा : तेवढ्यावरून घरात रोज कटकट व्हावी इतकी ती मोठी गोष्ट नाही. त्या वाचलेल्या कटकटीतून मुलांचे कान तुमच्यासाठी मोकळे राहतील, आणि गरम पाण्याबद्दल, एसीबद्दल, रिकाम्या खोलीत चालणाऱ्या हीटरबद्दल जे सांगायचंय ते त्यांना ऐकू येईल.

या आठवड्यापासून सुरुवात करता येईल. एक वही घ्या, वहीवर नाव मुलीला टाकू द्या आणि आज संध्याकाळी दोघींनी मिळून मीटरजवळ जा. धाकट्यालाही घ्या. मीटरवर बारीकसा लाल दिवा लुकलुकत असेल. त्या दिव्याजवळ युनिटमागे किती लुकलुकाट, ते छापलेलं असतं. धाकट्याला विचारा, तो किती वेळाने लुकलुकतोय. मग कोणाला तरी गीझर लावायला पाठवा आणि धाकट्यालाच तिथे उभा करून तो दिवा पुन्हा बघू द्या.